गाठ कोणाकडून आली?

लहान मुलांच्या कॅन्सरच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, पण तो येतो सगळ्यात शेवटी. उपचार किती महिने चालतील, केस परत येतील का, शाळा बुडेल त्याचं काय, हे विचारून झालेलं असतं; फाइल गोळा करून माणसं उठायच्या बेतात असतात; आणि मग आई किंवा बरोबर आलेली आजी विचारते, "आमच्या घरात कुणालाच असलं काही नाही, मग याला कोणाकडून आलं?" सूर नीट ऐकला तर कळतं, की पुष्कळदा तो प्रश्न नसतोच. तो आरोप असतो आणि बहुतेक वेळा मुलाच्या आईवर असतो. ग्रहणात तिने विळी हातात घेतली होती, सातव्या महिन्यात एसटीने माहेरी गेली होती, तिच्या मामाला मुतखडा होता. तीन वर्षांच्या पोराच्या पोटातल्या गाठीचा हिशेब असा घरातल्या घरात मांडला जातो आणि त्याचं ओझं ती बाई पुढे वर्षानुवर्षं वागवते.

श्रोतेहो, आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी हाच प्रश्न घेतला आहे. या प्रश्नाला आज विज्ञानाकडे बऱ्यापैकी खरं उत्तर आहे. साठ वर्षांच्या शोधातून मिळालेलं ते उत्तर विचारणाऱ्या आईपर्यंत मात्र क्वचितच पोहोचतं.

आजाराचं नाव विल्म्स ट्यूमर. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा सर्वांत जास्त आढळतो. जन्मलेल्या दर दहा हजार मुलांमागे साधारण एकाला तो होतो. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली, त्यातही तीन-चार वर्षांची. बहुतेकांच्या एकाच मूत्रपिंडात गाठ असते. शंभरातल्या पाच ते सात मुलांच्या दोन्ही मूत्रपिंडांत असते. एकाच कुटुंबात दोघांना हा आजार झाल्याची उदाहरणं शंभरात एक-दोन.

हा आजार पहिल्यांदा सापडतो तो बहुधा आईच्या हातांना. अंघोळ घालताना, अंगाला तेल चोळताना, चड्डीची नाडी बांधताना पोटाच्या एका बाजूला काहीतरी टणक, गुळगुळीत लागतं. मूल खेळत असतं, जेवत असतं. कधी लघवीतून रक्त जातं, कधी बारीक ताप असतो, कधी रक्तदाब वाढलेला असतो. पण तीन वर्षांच्या मुलाचा रक्तदाब आपल्याकडे मोजतो कोण? म्हणून सुरुवातीला 'जंत झाले असतील' किंवा 'बाळसं धरलंय' यावर वेळ जातो. गाठीचं निदान झालं की वॉर्डात त्या मुलाच्या खाटेवर एक पाटी लागते: पोट दाबून पाहू नये. गाठीभोवतीचं आवरण नाजूक असतं. ते फाटलं तर गाठीतल्या पेशी पोटभर पसरतात आणि उपचार एका झटक्यात जड होतात. विद्यार्थी डॉक्टरांना हा नियम पहिल्याच दिवशी शिकवावा लागतो, कारण मोठी गाठ प्रत्येकालाच हाताने तपासून पाहावीशी वाटते.

काढलेल्या गाठीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला, की या आजाराची सगळी कुळकथा काचेवर दिसते. गर्द निळ्या, गोल, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींची बेटं असतात. त्यांच्यामधून अर्धवट बनलेल्या नळ्या डोकावतात. कुठे मूत्रपिंडातल्या गाळणीच्या वेटोळ्यासारखं काहीतरी तयार होता होता थांबलेलं असतं. भोवती फिकट गुलाबी धागे, आणि त्यांत मधूनच स्नायूच्या आडव्या रेघांचे तंतू, क्वचित कूर्चेचा तुकडा किंवा चरबी. मूत्रपिंडात स्नायू आणि कूर्चा आले कुठून? ज्याने गर्भातलं मूत्रपिंड घडताना पाहिलं आहे त्याला हे चित्र ओळखीचं वाटतं. घडवण्याचं काम मध्येच अडलं आणि कामकरी पेशी मात्र वाढतच राहिल्या, असं हे चित्र आहे.

जर्मन शल्यविशारद माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये या मिश्र गाठींवर ग्रंथ लिहिला आणि त्यांचं नाव आजाराला कायमचं चिकटलं. गर्भातल्या अगदी प्राथमिक पेशींपासून या गाठी होत असाव्यात, हा त्यांचा तर्क होता आणि तो मुळात बरोबर होता. ते स्वतः १९१८ मध्ये हायडेलबर्गला डिप्थेरियाने गेले. गाठ अर्थातच त्यांच्याही आधीची. अठराव्या शतकातले इंग्रज शल्यविशारद जॉन हंटर यांच्या लंडनमधल्या संग्रहात एका बालकाच्या दोन्ही मूत्रपिंडांतल्या अशा गाठींचा नमुना जपलेला आहे.

मूत्रपिंडाचं घडणं गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यात संपतं. त्यानंतर नव्या गाळण्या तयार होत नाहीत; आयुष्यभर तेवढ्यांवरच काम चालतं. काही बाळांच्या मूत्रपिंडात मात्र न घडलेल्या पेशींचे छोटे पुंजके जन्मानंतरही उरतात. दगावलेल्या तान्ह्या मुलांच्या शवविच्छेदनांत शंभरातल्या एकाच्या मूत्रपिंडात असे अवशेष सापडले आहेत. गाठ होते दहा हजारांत एकाला. म्हणजे बहुतेक अवशेष आपोआप विरून जातात आणि कुणाला त्यांचा पत्ताही लागत नाही. एखाद्या पुंजक्याच्या जनुकांत आणखी एक बिघाड होतो, आणि तोच वाढू लागतो. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलात हे अवशेष आढळतात. आजाराची सुरुवात गर्भात होते ती अशी. विळी, ग्रहण आणि एसटी यांचा तिथे काही संबंध नाही.

आता जनुकांकडे येऊ. इथे पहिला धागा सापडला तो रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांत. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले रॉबर्ट मिलर हे बालरोगतज्ज्ञ. हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या आयोगात त्यांनी आधी काम केलं होतं. त्यांनी आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांचे केसपेपर वाचून काढले. त्यांना गाठीची माहिती नको होती. त्या मुलांमध्ये जन्मतः आणखी काय वेगळं होतं, ते हवं होतं. सहा मुलांच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदाच नव्हता. ॲनिरिडिया नावाचा हा दोष पन्नास हजारांत किंवा त्याहूनही जास्त मुलांत एखाद्याला असतो. ४४० मुलांत एकही सापडला नसता तर नवल वाटलं नसतं, आणि इथे सहा! शिवाय काहींच्या शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी होती, काहींच्या जननेंद्रियांत दोष होते. १९६४ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. डोळा आणि मूत्रपिंड यांचा संबंध काय, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रयोगशाळेत पाऊलही न टाकता, निव्वळ मन लावून केलेल्या वाचनातून लागलेल्या या शोधाचं मोल फार मोठं आहे. आपल्या रुग्णालयांच्या तळघरांत केसपेपरांचे जे गठ्ठे वाळवीच्या तोंडी जातात, ते पाहिले की हे उदाहरण हटकून आठवतं.

दुसरा धागा गणिताचा. ह्यूस्टनच्या आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या मागच्या पडद्याचा कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या नोंदींवरून एक विचार मांडला. प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. पेशीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ होते. एक बिघडलेली प्रत मूल जन्मतःच घेऊन आलं असेल, तर ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते. मग दुसरा बिघाड कुठेही होऊ शकतो, म्हणून गाठ लवकर होते आणि दोन्ही बाजूंना होते. जन्मतः दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर एकाच पेशीत दोन्ही बिघाड व्हावे लागतात; म्हणून गाठ उशिरा आणि एकच. पुढच्याच वर्षी नडसन यांनी लुईस स्ट्राँग यांच्याबरोबर हाच हिशेब विल्म्स ट्यूमरला लावला आणि जवळपास ३८ टक्के मुलांमध्ये पहिला बिघाड जन्मजात असावा असा अंदाज केला.

सिद्धान्त देखणा होता, डोळ्याच्या कॅन्सरला तो चपखल बसलाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत तो अंदाज टिकला नाही. हे ठरवायला सोळा वर्षं थांबावं लागलं, कारण जी मुलं बरी झाली होती ती मोठी होऊन त्यांना मुलं व्हायला हवी होती. १९८८ मध्ये फ्रेडरिक ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लहानपणी एका बाजूची गाठ होऊन बऱ्या झालेल्या माणसांच्या १७९ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. एकालाही विल्म्स ट्यूमर झालेला नव्हता. बरी झालेली मुलगी लग्नाची झाली की तिच्या घरचे आजही डॉक्टरांना हळूच विचारतात, तिच्या मुलांना होईल का? एका बाजूची गाठ, बाकी काही दोष नाही, घरात दुसरं कुणी आजारी नाही, अशी स्थिती असेल तर उत्तर निःशंकपणे दिलासा देणारं आहे. ते स्थळ पाहणाऱ्यांनाही सांगितलं पाहिजे.

मिलर यांच्या सहा मुलांचं कोडं दरम्यान सुटत आलं होतं. १९७८ मध्ये दिसून आलं, की अशा मुलांच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेतला एक तुकडा गळलेला असतो. १९९० मध्ये त्या तुकड्यातलं जनुक हाती आलं. संशोधक डेव्हिड हाउसमन यांचा गट त्यात होता, आणि जवळजवळ त्याच वेळी दुसराही एक गट तिथे पोहोचला. जनुकाचं नाव पडलं डब्ल्यूटी-१. त्याच्या शेजारीच डोळा घडवणारं पॅक्स-६ हे जनुक आहे. तुकडा गळताना दोन्ही शेजारी एकदम गेले, म्हणून डोळ्यात पडदा नाही आणि मूत्रपिंडाला संरक्षण नाही. डब्ल्यूटी-१ नसलेल्या उंदरांच्या गर्भात मूत्रपिंडच तयार होत नाही, हे १९९३ मध्ये दिसलं. म्हणजे हे जनुक मुळात अवयव घडवणारं आहे. ज्या मुलांत हा तुकडा जन्मतः गळलेला असतो त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना गाठ होते. याच जनुकातल्या एका वेगळ्या प्रकारच्या बिघाडाने डेनिस-ड्रॅश सिंड्रोम होतो. त्यात जननेंद्रियांत दोष असतात, लहान वयातच मूत्रपिंडं निकामी होत जातात आणि गाठीचा धोका निम्म्याहून अधिक असतो.

इथवरची गोष्ट ऐकून वाटेल, जनुक सापडलं, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात विल्म्स ट्यूमरच्या दहा ते वीस टक्के गाठींतच डब्ल्यूटी-१ बिघडलेलं निघालं. उरलेल्या ऐंशी-नव्वद टक्क्यांचं काय?

त्यांतल्या मोठ्या भागाचं उत्तर त्याच अकराव्या गुणसूत्रावर, थोडं पुढे सापडलं, आणि ते बिघाडाच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. तिथे आयजीएफ-२ नावाचं वाढ घडवणारं जनुक आहे. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात. पण गर्भात वडिलांकडची तेवढी चालते, आईकडची बंद असते. मजकूर दोन्ही प्रतींत तोच. फरक रासायनिक खुणांचा, जसा एकाच पोथीच्या दोन प्रतींपैकी एकीच्या समासात कुणी 'हे पान वाचू नये' असं लिहून ठेवावं. विल्म्स ट्यूमरच्या अनेक गाठींत ही खूण बिघडलेली असते आणि आईकडची बंद प्रतही चालू होते, किंवा आईकडचा तुकडाच जाऊन त्या जागी वडिलांकडच्या तुकड्याची दुसरी प्रत येते. दोन्हींचा परिणाम एकच: वाढीचा हुकूम दुपटीने. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी हे 'नेचर'मध्ये एकाच वेळी मांडलं. सुमारे ७० टक्के गाठींत या जागेवर काही ना काही बदल सापडतो. जनुकाचं एकही अक्षर न बदलता कॅन्सरची वाट मोकळी होऊ शकते, हे त्यातून कळलं.

हाच बदल शरीराच्या बऱ्याच भागांत असेल तर मूल जन्मतःच वेगळं दिसतं. वजन जास्त, जीभ मोठी, बेंबीजवळ हर्निया, कधी एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड, जन्मल्या जन्मल्या रक्तातली साखर कमी. अमेरिकेतले ब्रूस बेकविथ आणि जर्मनीतले हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी १९६३-६४ मध्ये हे स्वतंत्रपणे नोंदवलं. बेकविथ पुढे विल्म्स ट्यूमरच्या काचा वाचणारे जगातले सर्वांत अनुभवी पॅथॉलॉजिस्ट झाले. या सिंड्रोमचेही पोटप्रकार आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही. एका प्रकारात पाचातल्या एका मुलाला किंवा त्याहून थोड्या अधिकांना मूत्रपिंडाची गाठ होते. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मात्र शंभरात एकालाही होत नाही. मूल बाहेरून सारखंच दिसतं, फरक फक्त रक्ताच्या तपासणीत कळतो. म्हणून नुसतं निदानाचं नाव सांगून पालकांना घरी पाठवणं बरोबर नाही.

आणि मग २०१९. इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी गाठीशेजारचं, डोळ्यांना आणि मायक्रोस्कोपलाही पूर्ण निरोगी दिसणारं मूत्रपिंड तपासलं. बऱ्याच मुलांत त्या निरोगी भागाचा मोठा हिस्सा एकाच पेशीची लेकरं निघाला, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी तीच आयजीएफ-२ शेजारची खूण त्यांत बिघडलेली होती. मूत्रपिंड घडत असताना, गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत एका पेशीत बदल झाला होता. तिच्या वंशजांनी चांगलं, काम करणारं मूत्रपिंड बांधलं होतं आणि त्यांच्यातल्याच एकीने पुढे गाठ धरली. हा बदल आईच्या रक्तात नाही, वडिलांच्या रक्तात नाही, बहुतेकदा मुलाच्या स्वतःच्या रक्तातही नाही. तो त्याच्या मूत्रपिंडात जन्मला आणि तिथेच राहिला.

आजीच्या प्रश्नाचं बहुसंख्य मुलांसाठीचं उत्तर हे आहे: कोणाकडूनही नाही.

बहुसंख्य म्हणजे सगळी नव्हेत, आणि इथे सत्य लपवून दिलासा देणं चुकीचं ठरेल. काही मुलांना धोका खरोखरच घरातून मिळतो. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या नझनीन रेहमान यांच्या गटाने अशा कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि रेस्ट, सीटीआर-९ यांसारखी जनुकं शोधली. ट्रिम-२८ हे जनुक २०१८-१९ च्या सुमारास अनेक गटांच्या हाती एकदम लागलं. त्यातला बिघाड जवळजवळ नेहमी आईकडून आलेला असतो. आपल्या समाजात ही माहिती कशी वापरली जाईल हे सांगायला नको. म्हणून ती सांगण्याची रीत आधी शिकली पाहिजे. ती बाई स्वतः बहुधा ठणठणीत असते. तिला तो बिघाड जन्मतः मिळाला, तिने निवडला नाही. ट्रिम-२८ च्या गाठी सहसा उपचारांना चांगली साथ देणाऱ्या असतात, हेही त्याच बैठकीत सांगायचं असतं. जनुकीय समुपदेशन म्हणतात ते हेच काम: एका खोलीत, वेळ घेऊन, नवरा-बायको दोघांना समोर बसवून बोलणं. रिपोर्टच्या पाकिटाने ते होत नाही.

घराघरांत असलेल्या किरकोळ जनुकीय फरकांचाही शोध घेतला गेला. २०१२ मध्ये ७५७ रुग्ण मुलं आणि १,८७९ निरोगी माणसं यांच्या जनुकांची तुलना झाली. गुणसूत्र २ वर आणि ११ च्या लांब भुजेवर अशा दोन ठळक जागा सापडल्या. हे फरक निरोगी लोकांतही सर्रास असतात आणि त्यांनी धोका दुपटीनेसुद्धा वाढत नाही. दुप्पट धरला तरी दहा हजारांत एकाऐवजी पाच हजारांत एक. संशोधकाला ही माहिती मोलाची आहे, कारण गाठ कोणत्या वाटेने होते ते तिच्यातून कळतं. घरच्या बाळासाठी तिचा काही उपयोग नाही. थुंकीच्या नमुन्यावरून मुलाचा 'कॅन्सरचा धोका' सांगणारी पॅकेजं हल्ली विकली जातात. निरोगी मुलासाठी त्यांवर पैसे घालवू नयेत.

लोकसमूहांनुसार या आजाराचं प्रमाण बदलतं, हीसुद्धा जनुकांकडे बोट दाखवणारी गोष्ट आहे. आफ्रिकी वंशाच्या मुलांत तो जास्त, पूर्व आशियाई मुलांत कमी, आणि देश बदलला तरी हा फरक बराचसा टिकून राहतो. जपानी मुलांच्या गाठींत आयजीएफ-२ ची ती खूण बिघडलेली फारशी आढळत नाही, असं २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. २०१२ च्या अभ्यासातली मुलं युरोपीय वंशाची होती. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी देशभरातून या आजाराची मुलं येतात. त्यांच्या जनुकांचा मोठा, एकत्रित अभ्यास इथेच व्हायला हवा आणि तो करण्याची ताकद इथे आहे.

जनुकं कळल्याने मुलाचं काय भलं होतं? पहिलं भलं सोनोग्राफीचं. ज्या मुलाला धोका आहे हे ठाऊक आहे, त्याच्या पोटाची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, सातव्या वाढदिवसापर्यंत करायची असते. तीन महिनेच का, तर ही गाठ झपाट्याने वाढते. सहा महिन्यांची फट ठेवली तर मधल्या काळात ती मोठी होऊन बसते. लहान असताना सापडली तर औषधं कमी लागतात आणि पुष्कळदा किरणोपचार टळतात. दुसरं भलं शस्त्रक्रियेतलं. एरवी गाठीसकट पूर्ण मूत्रपिंड काढतात आणि उरलेल्या एकावर मूल छान जगतं. पण डब्ल्यूटी-१ चा जन्मजात बिघाड असेल तर दुसऱ्या बाजूलाही गाठ होऊ शकते, शिवाय मूत्रपिंडच पुढे दगा देण्याची भीती असते. अशा मुलात गाठ तेवढी काढून मूत्रपिंड वाचवण्याचा प्रयत्न करावा लागतो. शल्यविशारदाला हे शस्त्रक्रियेच्या आधी माहीत हवं.

उपचारांची कहाणी थोडक्यात सांगायची तर वैद्यकातल्या मोठ्या यशांपैकी ती एक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार थोडी मुलं वाचत. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९५० च्या दशकात ॲक्टिनोमायसिन-डी वापरायला सुरुवात केली. पुढच्या दशकात व्हिन्क्रिस्टिन आलं, ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या झाडातून. झाड मूळचं मादागास्करचं. अमेरिकेत १९६९ मध्ये नॅशनल विल्म्स ट्यूमर स्टडी सुरू झाली आणि रुग्णालयांनी एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी एकाच पद्धतीने उपचार करून निकाल एकत्र मांडायचं ठरवलं. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगांसाठी जी मोहीम आखली, तिने लक्ष केंद्रित केलेल्या सहा आजारांत विल्म्स ट्यूमर आहे. २०३० पर्यंत जगात किमान ६० टक्के मुलं वाचावीत हे तिचं उद्दिष्ट. श्रीमंत देश आणि बाकीचं जग यांच्यामधली दरी जनुकांनी पाडलेली नाही. ती उशिरा झालेल्या निदानाची आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांची आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा सेंट ज्यूडच्या निवासात खोली मिळाली म्हणून केमो पूर्ण झालेली मुलं पाहिली, की एका खाटेची आणि दोन वेळच्या जेवणाची किंमत काय असते ते समजतं.

महाराष्ट्रात काही गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत आणि त्यांना नवं यंत्र लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात. त्या तपासणीत मुलाला झोपवून पोटावरून हलका हात फिरवायला अर्धा मिनिट लागतो. टणक गाठ लागली तर पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवायचं. जंताची गोळी देऊन महिनाभर थांबायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत पडदा नसलेलं बाळ पाहिलं, की चष्म्याबरोबर रक्ताच्या जनुकीय तपासणीची आणि पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठीही द्यायची. एक पाय जाड असलेलं मूल अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातं. तिथेही पोटाकडे लक्ष जायला हवं.

गाठ झालेल्या प्रत्येक मुलाची रक्ततपासणी परवडत नसेल तर निदान काहींची चुकवू नये: दोन्ही बाजूंना गाठी असलेली मुलं, अगदी तान्हेपणी गाठ झालेली मुलं, वृषण खाली न उतरलेले किंवा मूत्रमार्गाचं तोंड चुकीच्या जागी असलेले मुलगे, आणि ज्यांच्या नात्यात दुसऱ्या कुणाला ही गाठ झाली आहे ती. तपासणीत जन्मजात बिघाड निघालाच, तर त्या मुलाच्या भावंडांचीही नेमकी तेवढीच तपासणी करता येते. ज्या भावंडात बिघाड आहे त्याची दर तीन महिन्यांची सोनोग्राफी चालू होते. ज्याच्यात नाही त्याला घरच्यांनी धास्तीपोटी महिन्या-महिन्याला दवाखान्यात नेणं त्या दिवसापासून बंद करता येतं, आणि तेही लेखी कागदावर, डॉक्टरांच्या सहीनिशी, आईच्या हातात द्यायचं असतं.